गाडीचा एसी चालू करून पाहिला

४ मे, सोमवार

शुश्रूषा केंद्रात हिला भेटून आलो. नर्सबाई म्हणाल्या, रविवारी दोन तास घरी न्या की. पण उन्हातून नको — मागच्या महिन्यात बागेत चक्कर आली होती त्यांना. गाडीत एसी आहे ना?

आहे म्हणालो. आहे खरा. चालतो का, कोण जाणे. हिला तो कधी सोसलाच नाही. "गुडघ्यात शिरतो तो वारा, बंद करा." मग कायम काचा खाली. पुढं हिचं विसरणं वाढलं, शेगडी पेटती ठेवून बाहेर निघून गेली, तिथं ठेवावी लागली. त्यानंतर एकट्यासाठी कुठं लावायचा एसी.

निघताना म्हणाली, "अहो, जेवलात का?" जेवलो म्हणालो. पुन्हा तेच विचारलं. विचारेना का.

५ मे

मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, "काका, एकदम दुरुस्तीला आणू नका. आधी घरीच चालू करून बघा. पंखा फिरतो का, बॉनेटखाली टक असा आवाज येतो का. घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा, तुम्ही पुढं उभं राहून ऐका."

"सांगतो," म्हणालो.

कुणाला सांगणार?

६ मे, बुधवार

सकाळी उन्हं चढायच्या आत गाडी सुरू केली. पंखा पूर्ण सोडला. आधी नुसती घरघर, मग जाळीतून भसकन धूळ तोंडावर आली. वाळक्या पानांचा चुरा. वास असा की भिजलेलं पोतं बरं.

बटण दाबायचं, उतरायचं, बॉनेटपाशी धावायचं. पोचेपर्यंत जे वाजायचं ते वाजून गेलेलं. परत आत, परत बाहेर. शेजारच्या बिल्डिंगमधले रिटायर्ड मास्तर कुंपणापलीकडून बघत होते. "व्यायाम का?" म्हणाले. हो म्हणालो. हाक मारली असती तर आले असते, पण मग ही कशी आहे, घरी कधी येणार, सगळं सांगत बसावं लागलं असतं.

शेवटी बटण चालूच ठेवलं आणि पुढं जाऊन उभा राहिलो. टक. थोड्या वेळानं परत टक. लागतंय आणि सुटतंय. तिथल्या पाइपला हात लावला, जरासुद्धा गार नाही. आत येऊन बसलो, जाळीपुढं तळहात धरला. कोमट वारा. काचा बंद, आणि बाजूची सीट रिकामी. बराच वेळ तसाच बसलो होतो. इंजिन चालू आहे हेही लक्षात नाही.

मेकॅनिकला कळवलं. "मग चांगलंय की. गॅस उतरलाय, पण कॉम्प्रेसर जिवंत आहे. शुक्रवारी आणा."

जिवंत आहे म्हणे. बरं वाटलं ऐकून.

८ मे, शुक्रवार

झालं काम. एक सील वाळून गळत होतं, ते बदललं. फिल्टर नवा, गॅस भरला. मेकॅनिक म्हणाला, "वापरत जा काका, नुसता ठेवून देऊ नका."

येताना काचा वर घेतल्या. बोटं गारठली. रस्त्याचा आवाज बाहेरच राहिला. "बघ, आला की नाही वारा," असं तोंडातून निघून गेलं. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई बघत होती. फोनवर बोलतोय असं वाटलं असेल.

९ मे

गाडी धुतली. घर झाडलं, तिची उशी उन्हात टाकली. गुडघ्यांवर घ्यायला शाल पुढच्या सीटवर ठेवली.

१० मे, रविवार

पुढं बस म्हणालो, तर मागचं दार उघडून मागं बसली. नीट, पर्स मांडीवर घेऊन. "छान गार आहे हो तुमची गाडी."

कुठं जायचं, विचारलं. तिनं पत्ता सांगितला. बरोबर सांगितला, मजल्यासकट. "जरा लवकर घ्या दादा, आमचे हे जेवायचे थांबले असतील."

आणलं. किल्ली माझ्याकडं कशी, हे काही तिनं विचारलं नाही. दारात मला म्हणाली, "या ना आत, पाणी तरी घ्या. येतीलच हे एवढ्यात."

गेलो आत. तिनं दाखवली त्या खुर्चीत बसलो.