शब्दांचा बटवडा

जालना, ४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि माझा मोठा फोन मी परीक्षेपर्यंत कपाटात ठेवून दिला आहे, म्हणून हे पत्र. परीक्षा होईपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही हे तुम्हीच बजावलंत, तेव्हा आता माझं अक्षर सोसा.

एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीचं काम बरं चाललं आहे. दिवसभर ओल्या कागदावर बी मांडायचं आणि किती उगवलं ते बघायचं. खोलीवर आले की शब्द. जीआरई परीक्षेतल्या गणिताची भीती नाही, मागच्या वेळी इंग्रजी शब्दांनीच मला पाडलं. सकाळी पाठ केलेले संध्याकाळपर्यंत पसार होतात. पहाटे स्वप्न पडतं की मी कापसाच्या शेतातून त्यांच्या मागे धावते आहे आणि ते पाखरांसारखे उडून जात आहेत. यंदाही जमलं नाही तर परदेशी जाऊन बियाणांचं शास्त्र शिकायचं कायमचं राहील. पुन्हा बसण्याची उमेद माझ्यात उरणार नाही.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो कागदावरही कळवत राहावा.

तुमची सुमेधा

केदारखेडा, ९ नोव्हेंबर

चि. सुमेधास,
तातेरावचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पाकिटावर पिनकोड नव्हता. पोस्टमनच्या लेकीला हे शोभत नाही.

तू शब्द डोक्यात कोंबतेस म्हणून ते पळतात. मी उभी हयात टपाल वाटलं. सकाळी थैलीतली पत्रं घरांच्या क्रमाने लावली की पुढे पाय आपोआप चालायचे. तूही डोळे मिटून एकेका घरी एकेक शब्द टाकून ये. त्याच अर्थाचे बाकीचे शब्द सोयऱ्यांसारखे त्याच ओट्यावर येऊन बसतील.

वाट तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. कोपऱ्यावर पुंजारामची पिठाची गिरणी. तो दिवसाकाठी दोन शब्द बोलतो. मग साहेबराव, त्याच्यासारखा हेकट पंचक्रोशीत नाही. मग अंगणवाडीवाल्या तुळजाबाई, त्यांना बडबडीचा शब्द दे, पण मी सुचवला हे कळू देऊ नकोस. मग सर्जेराव, मनाने मोठा, फक्त त्याच्या पेरूला हात लावायचा नाही. मग वसंताचं कुलूपबंद घर. त्याची आई गेली आणि तो पुण्याला गेला. त्यानंतर आपलं.

बिलकुल घाई करू नकोस. कळावे, लोभात कमी नाही.

तुझा बाबा

जालना, १८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमची युक्ती लागू पडली. लॅकॉनिक हा मोजकं बोलणारा शब्द गिरणीत पिठाने पांढरा होऊन बसला आहे. साहेबरावकाकांकडे ऑब्ड्युरेट, म्हणजे हेकट. तुळजाकाकूंकडे गॅरुलस, म्हणजे बडबडी. सर्जेरावकाकांकडे मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा. वसंताच्या दाराशी डेसोलेट, म्हणजे ओसाड.

आता मी निम्मा वेळ गावातच असते. गल्लीत नेहमी उतरतं ऊन असतं, धूळ सोनेरी दिसते आणि ओट्याओट्यावर शब्द गप्पा मारत बसलेले असतात. काल कंपनीतल्या मॅडमनी दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही, मी पेरूखाली उभी होते. आपल्या घरी मात्र शब्द टाकलेला नाही. तिथे पोचले की तुम्ही चहा ठेवलेला असतो आणि अभ्यास तिथेच संपतो.

लोभ वाढवा, चहात साखर कमी करा.

तुमची सुमेधा

केदारखेडा, २७ नोव्हेंबर

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

तुझे शब्द वाचून मला राहवेना. जुनी थैली काढली, पोस्टकार्डांवर एकेक शब्द मोठ्या अक्षरात लिहिला आणि घरोघर देऊन आलो. अर्थ सांगताना थोडं इकडचं तिकडे केलं. साहेबरावला सांगितलं, ऑब्ड्युरेट म्हणजे शब्दाचा पक्का. त्याने पेंटर गाठून तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रंगवून घेतला. तुळजाबाईंना मनमोकळी असा अर्थ दिला. सर्जेरावला मात्र खरा सांगितला, आता कुणी पेरू तोडला तरी त्याला रागावता येईना. पुंजाराम कार्ड वाचून बराबर एवढंच म्हणाला आणि आत गेला.

वसंताच्या आईने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. वसंताचं पत्र का येत नाही म्हणून विचारत होती. येईल म्हणालो. तिने गुळाचा चहा दिला. ऊन उतरलं होतं, ओट्यावर बसून फार बरं वाटलं.

अभ्यास कर. लोभ आहे तसाच आहे.

तुझा बाबा

जालना, २ डिसेंबर

ती. तुळजाकाकूंस,
सविनय नमस्कार वि. वि.

बाबांनी लिहिलं आहे की त्यांनी वसंताच्या आईच्या हातात कार्ड दिलं आणि तिच्याकडे चहा घेतला. काकू, तिला जाऊन चार वर्षं झाली. बाबांनी स्वतः खांदा दिला होता. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते आहे, त्यात थट्टेचा सूर कुठेच नाही. तुम्हाला काही दिसलं आहे का? मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. फोनवर हे विचारण्याचा धीर झाला नाही. रविवारी गावी येते. बाबांनी घातलेली बंदी मोडून येते.

लोभ असेल तर खरं सांगाल.

सुमेधा

केदारखेडा, ११ डिसेंबर

चि. सुमेधास,
तुळजाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलीस, तातेरावदादांना डॉक्टरांना दाखवलंस. विस्मरण आहे, हळूहळू वाढणार, हे तू सांगितलंस तेव्हा मी गप्प राहिले. परीक्षा देत नाही, कायमची गावी येते म्हणालीस, तेव्हाही गप्प राहिले. मी दोनदा गप्प राहिले म्हणजे किती मनाला लागलं असेल ते समज. आता बोलते.

काल दिवेलागणीला दादा थैली घेऊन निघाले आणि कोपऱ्यावर थबकले. कुठं वळायचं ते त्यांना कळेना. चेहरा लेकरागत झाला होता. मी उठून जाईपर्यंत पुंजाराम गिरणीतून बाहेर आला आणि लॅकॉनिक एवढंच म्हणाला. दादांनी मान वर केली, हसले, आणि पुढं साहेबराव, असं स्वतःच बोलले. साहेबरावनं ट्रॉलीची पाठ रस्त्याकडं फिरवून ठेवली. मी माझ्या दारातून माझा शब्द म्हटला. त्याचा खरा अर्थ मला शाळेतल्या मॅडमनी सांगितलाय, दादांशी त्यावरून भांडायचं बाकी आहे. सर्जेराव पेरूखालून ओरडला. वसंताच्या दारात म्हणायला कुणी नव्हतं, मंग मी पळत पुढं गेले आणि तिथं ओट्यावर पडलेल्या कार्डावरचा शब्दही म्हटला. असे ते घरी पोचले.

जुन्या गोष्टी सुटून चालल्यात, पण हे शब्द त्यांनी नव्यानं, तुझ्यासाठी लिहिलेत. ते अजून धरून आहेत. किती दिवस धरतील ते मला सांगता यायचं न्हाई. तोवर आम्ही दारात आहोत, आणि नंतरही आहोत. साहेबरावलाही खरा अर्थ कळलाय. पोरगी परीक्षा सोडून आली तर मी तिच्याशी बोलणार न्हाई, असं तो म्हणतो, आणि त्याचं तुला ठाऊक आहे.

लोभ राहू दे, माझी बडबडही सोस.

तुळजाकाकू

केदारखेडा, १३ डिसेंबर

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

तुळजाबाईंनी काय लिहिलं ते मला सांगितलं. खरं आहे. मी विसरतो आहे, आणि मला भीती वाटते. संध्याकाळी जास्त वाटते. पण तू समोर येऊन बसलीस म्हणून ते थांबणार नाही, एवढं अजून कळतं. तू परीक्षेला बस. माझ्यामुळे बसली नाहीस, असं होऊ देऊ नकोस.

एक काम सांगतो. आता वाट तुझ्याकडे आहे, ती नीट ठेव. जिथे जाशील तिथून मला लिहीत जा, कोणानंतर कोण. मी तुझ्या पत्रावर बोट ठेवून चालत जाईन.

बाकी काही विसरलो तरी लोभ आहे असं धरून चाल.

तुझा बाबा

पुणे, २१ डिसेंबर

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

काल इथल्या केंद्रावर परीक्षा झाली. मार्क स्क्रीनवर लगेच दिसले. पुरतील, बाबा. मला जाता येईल. मी तिथेच रडले, आणि शेजारच्या मुलीला वाटलं की मी नापास झाले. ऑगस्टमध्ये निघावं लागेल. कधीतरी तुम्ही मला ओळखणार नाही, असाही दिवस येईल. त्या दिवशीही मी पत्र टाकेन.

वाट अशी आहे. कोपऱ्यावर गिरणी, तिथे पुंजारामकाका. मग साहेबरावकाका, त्यांच्या ट्रॉलीवर लिहिलेलं आहे. मग तुळजाकाकू, त्या तुमच्या आधी बोलतील. मग पेरूचं झाड, तिथे सर्जेरावकाका. मग कुलूप असलेलं घर. तिथे आता कुणी राहत नाही, पण ओट्यावर जरा टेकलात तरी चालेल. त्याच्या पुढचं दार आपलं. कडी वरच्या बाजूला आहे. आत जा आणि दोघांचा चहा ठेवा, मी या पत्रामागोमाग येतेच.

कळावे. लोभाचं माझ्याकडे सोपवा.

तुमची मुलगी,
सुमेधा