भाववाढ चार टक्के, एकमताने

१२ जानेवारी, रविवार
हेमगंगा सोसायटीचा खजिनदार झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच नव्हतं, पण तो मुद्दा गौण. पहिलं काम: पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीचं एस्टिमेट. लिफ्ट, गच्ची, पंप, रंग. आज काय खर्च येईल ते कोणीही सांगेल. दहा वर्षांनी काय येईल ते सांगायला भाववाढीचा रेट धरावा लागतो आणि तिथे माझ्यासारखा माणूस लागतो. एकतीस वर्षं कॉस्टिंगला होतो. मुलुंड पूर्वेत हा विषय कळणारे फार तर दोघे असतील. दुसरा कोण ते माहीत नाही.

आईला कौतुक नाही. तिने एवढंच विचारलं, लिफ्ट कधी बदलतलस. ब्याऐंशीची आहे, गुडघे गेलेत, आम्ही चौथ्या मजल्यावर. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर जाऊन बसणं हा तिचा दिवसातला एकच कार्यक्रम. म्हटलं, गणपतीच्या आत नवी लिफ्ट. शब्द दिला.

१५ जानेवारी, सकाळी ६
संकल्प: रोज एक तास भाववाढीचा अभ्यास. नंतर अर्धा तास चालणे. आज अभ्यास केला. निष्कर्ष: सगळ्या वस्तूंना एकच रेट लावणं हा अडाणीपणा. तांब्याची तार वेगळी वाढते, मजुरी वेगळी, सिमेंट वेगळं. पेपरातला महागाईचा आकडा कांद्याबटाट्याचा, त्याने लिफ्ट मोजायची नसते. लाल पेनने अधोरेखित केलं. चालणं उद्यापासून.

२ फेब्रुवारी, रविवार
लिफ्ट कंपनीचा हर्षद येऊन गेला. जुनी काढून नवी बसवायचे अठरा लाख. भाव ३१ मार्चपर्यंत पक्का, पुढचं सांगता येत नाही म्हणाला. फंडात एकोणीस आहेत. सेक्रेटरी मधुकर म्हणाला, तू खजिनदार, तू बोलशील तसं यार. तो पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे लिफ्टबद्दल त्याचं मन नेहमी शांत असतं.

वसुधाने विचारलं, पैसे आहेत, लिफ्ट खटारा झालीय, मग अडलंय कुठे? बायकोला समजावून सांगितलं की अडलंय रेटवर. एफडीवर सात टक्के मिळतात. लिफ्टचा भाव त्यापेक्षा जास्त वेगाने वाढणार असेल तर आज घ्यायची, कमी वेगाने वाढणार असेल तर थांबायचं. ती कोलंबी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, आई थांबेल का ते पण बघ. विषयांतर.

९ फेब्रुवारी
दहा वर्षांची सरासरी काढली तर सहा टक्के येते. पाच वर्षांची आठ. कोविड वगळला तर पाच, नुसता कोविड धरला तर अकरा. सुरुवातीचं वर्ष बदललं की उत्तर बदलतं. डोकं भणभणलं. आठवडाभर वाचन बंद, वाचलेलं मुरायला वेळ लागतो. चालणंही बंद, थंडी आहे.

१६ मार्च, रविवार
ऐतिहासिक दिवस. पार्किंगमध्ये सभा झाली. मी लिफ्टला आठ टक्के, रंगाला सहा, गच्चीला सात असं मांडलं. एवढे वेगवेगळे आकडे ऐकून लोक अस्वस्थ झाले. सगळ्यांना मिळून एक काय तो सांगा, अशी मागणी आली. मी आठ म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, आठ कुठे असतो का, सहा लावा. मी साडेसातवर आलो. कोणीतरी म्हणालं, जुने मेंबर आहोत, जरा बघा ना. मी सहा. मधुकर म्हणाला, चल, ना तुझं ना त्यांचं, चारला करून टाक, चहा थंड होतोय.

चारला झालं. ठराव लिहून घेतला: सोसायटीच्या सर्व वस्तूंची भाववाढ पुढील वीस वर्षे दरसाल चार टक्के राहील. एकमताने मंजूर. टाळ्या पडल्या. थोडा वाकलो हे खरं, पण नेतृत्व म्हणजे सगळ्यांना बरोबर घेणं.

घरी वसुधा म्हणाली, ठरावाची एक झेरॉक्स कोळणीला पण दे. हिला संस्थात्मक कामाची किंमत नाही.

१७ मार्च, सकाळी ७
एस्टिमेटच्या एक्सेल शीटमध्ये चार टक्के टाकले आणि चमत्कार झाला. लिफ्ट चारने वाढते, एफडी सातने. म्हणजे दर वर्षी थांबण्याचा तीन टक्के फायदा. जितकं थांबू तितकी लिफ्ट स्वस्त. पुरेसं थांबलो तर जवळजवळ फुकट. एकतीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही.

निर्णय: लिफ्ट दोन वर्षांनी. आईला अजून सांगितलेलं नाही. आकडे समजावायला शांत वेळ हवा.

३१ मार्च
हर्षदचा फोन. आज शेवटची तारीख, नंतर भाव रिवाइज होईल. मी त्याला ठराव वाचून दाखवला. तो नम्रपणे म्हणाला, साहेब, तुमचा ठराव आमच्या कंपनीला लागू होत नाही. तरुण आहे, शिकेल.

१० जून, मंगळवार
लिफ्ट बंद पडली. मेकॅनिक म्हणतो लिफ्ट चालवणारं कंट्रोल कार्ड जळलं, ते आता बनतच नाही. तात्पुरती अडचण. संकल्प: रोज जिना चढून व्यायाम. चालण्याचा प्रश्न आपोआप सुटला.

१३ जून
कंबर धरली. व्यायाम स्थगित.

आई आज खिडकीत बसून बाकाकडे बघत होती. बाकावर ए-विंगच्या बायका होत्या, त्यांनी वर हात केला. तिने पण केला. मला ते बघवेना, आत जाऊन शीट उघडली. गच्चीच्या ओळीत एक चूक सापडली, ती सुधारली. बरं वाटलं.

३ जुलै
नवं कोटेशन: सव्वीस लाख. मधुकर म्हणाला, परब, वाट लावलीस रे. मी त्याला शास्त्र सांगितलं. सहा महिन्यांच्या आत झालेली वाढ हा अपवाद असतो, तो लाँग टर्म सरासरीत धरायचा नसतो. अपवाद वगळला की आपला रेट अजूनही चारच आहे. तो म्हणाला, मग लिफ्टवाल्याला सांग अपवाद वगळून बसव. थट्टा करणं सोपं असतं.

फंडात मात्र सात लाख कमी पडतात. हे आकड्यांत बसत नाही. फंडच चुकला असावा.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या गणपती. नवी लिफ्ट नाही. आमचा गणपती जयाकडे असतो, दिंडोशीला. माझी धाकटी बहीण. तिच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत, ते ती मुद्दाम सांगत नाही, पण असतात.

आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. मी, मधुकर आणि खालच्या दुकानातले दोघे. दुसऱ्या मजल्यावर माझी कंबर परत धरली, तिथून वसुधाने खुर्ची धरली. आई काही कुरकुरली नाही. म्हणाली, गणपतीक पण असोच उचलून नेतत. सगळे हसले. मीही हसलो. खाली आल्यावर तिने रिक्षा थांबवून ठेवली आणि बाकावर जाऊन बसली. उठायला तयार नव्हती. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. लाज वाटली, कोणाला दिसली नसावी.

७ सप्टेंबर, रविवार
विसर्जन झालं. आई परत आली नाही. जया म्हणाली, लिफ्ट होईपर्यंत राहू दे, इथे रोज खाली उतरते. योग्य निर्णय. यामुळे मला कामावर लक्ष देता येईल.

२१ सप्टेंबर, रविवार
सभा. प्रत्येक घरामागे पस्तीस हजार काढायचे, असं मी मांडलं. लोक म्हणाले, चार टक्के ठरले होते ना, मग हे कुठून आलं? मी ठराव वाचून दाखवला. ते म्हणाले, तेच विचारतोय. शेवटी पस्तीसचे वीस करा म्हणाले. मी अठ्ठावीसवर आलो होतो, पण पाऊस आला आणि सभा तहकूब झाली. कोटेशनची मुदत काल संपली होती, हे मी सांगितलं नाही. वातावरण बिघडलं असतं.

खिडकीतली खुर्ची वसुधाने हलवलेली नाही. मीही हलवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी ६
आईला फोन केला. आनंदात होती. खाली बागेत बसली होती, मागे बायकांचे आवाज येत होते. मी म्हटलं, आई, सगळा अभ्यास पूर्ण होत आलाय, पुढच्या वीस वर्षांचं पक्कं एस्टिमेट तयार आहे, लिफ्ट फार तर दोन वर्षांत.

तिने विचारलं, चंदू, तुझ्या त्या हिशोबात माका किती वर्सा धरलंस रे?

मी म्हटलं, आई, आवाज कट होतोय, नंतर करतो.

आवाज स्वच्छ येत होता.