आबाच्या हाळीचा व्हिडिओ

प्रिय ऋतू,

सगळ्यात आधी आली ती शेजारची चतुराबाई. मेंढरं बघायला त्रिंबक व्यापारी मांजरसुंब्याहून येणार होता, पण त्याचा टेम्पो वस्तीवर पोचायच्या आधीच ही बया आमच्या दारात हजर. साखर मागायला आले म्हणली, अन् चहा पिऊन साखर न नेता बसूनच राह्यली. तिला बघायचा होता कॅमेरा. तू पंचमीला आलतीस तवा माझ्या हाती देऊन गेलीस, तवापासून सगळ्या वस्तीवर बोभाटा हाय की साखराबाई म्हातारपणी फोटोवाली झाली. मी बी मग तो गळ्यात अडकवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. कावून मारू नये? दुसरी शिकलेल्या बाईच्या गळ्यात असली वस्तू कोणी बघितलीय?

लई गुणाचं यंत्र हाय बघ. यात आरसा नसतो असं तू म्हणलीस, ते काय मला उमगलं न्हाई. पण वरच्या चकतीवरची इंग्रजी अक्षरं वाचता येईनात, म्हणून मी टिकल्या लावल्या. फोटोला हिरवी, व्हिडिओला लाल. टिकल्या न्हवत्या तवा मेंढरांना बोलवायची आबाची हाळी घ्यायची म्हणून बटन दाबत गेले, अन् निघाले नुसते फोटो. सगळ्यांत तुझ्या आज्याचं तोंड उघडं. चतुराबाई म्हणली, भाऊजी जांभया देतेत का काय. दोघी पोट धरून हसलो. मग पडद्यावर दिसतो त्या चौकोनाचा घोळ. आबाच्या डोळ्यावर बसायचं सोडून तो उडी मारून मेंढीच्या डोळ्यावर जायचा. तू फोनवर सांगितलंस तसं आत शिरून जनावराच्या चित्रावरून माणसाच्या चित्रावर आणलं, तवा कुठं आबा ठळक झाले. उन्हात पटका पांढराफेक यायचा अन् तोंड काळंठिक्कर. उजेड कमी करावा तर तोंडच दिसंना. शेवटी आबालाच लिंबाच्या सावलीत उभं केलं. हे मला कोणी शिकवलं न्हाई बरं का, माझ्याच डोक्यातनं निघालं.

तर त्रिंबक आला. मेंढरांचे दात बघितले, पाठी दाबल्या, अन् म्हणला समदी एकदम नेतो. तुझ्या बापानं मान हलवली. तो तरी काय करील, त्याची गाडी अन् त्याची ड्रायव्हरकी, मेंढरांमागं फिरणारं दुसरं हाय कोण? आबा कुडाला टेकून बसलेले. काय बोलले न्हाईत. व्यापाऱ्याला वाटलं राजी हायेत. जाताना त्रिंबकनं मेंढरांसंगं स्वतःचा फोटो काढून घेतला, अन् मी बी काढला.

तू पंचमीला एकच मागितलं होतंस. मेंढरं जायच्या आधी आबाची हाळी व्हिडिओत घेऊन ठेव, या माळावरून त्या माळावर जाणारी, जी ऐकून सगळा कळप माना वर करून धावत येतो. ती मला घ्यायचीच होती. परवा सकाळी लाल टिकलीवर चकती ठेवली, चौकोन आबाच्या डोळ्यावर बसला, सगळं तू सांगितलं तसं. तुला व्हिडिओ पोचला अन् तुझा फोन आला, की आजी, मेंढरांचा आवाज येतो, आबाचा येत न्हाई, माईक बिघडला, नवा धाडते. मी हो हो म्हणलं अन् ठेवून दिला. फोन आबाच्या उशाशी असतो, पोरी. तू बोलायला लागलीस की ते कान देऊन बसतेत. म्हणून हे लिहिते.

माईक धाडू नकोस. कॅमेरा नीट हाय. त्यात आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात ना, मी बघत होते. कोकरू ओरडलं की लांब व्हायच्या, वाऱ्यानं बी हलायच्या. आबांनी कानावर हात ठेवून, गळ्याच्या शिरा ताणून हाळी दिली, अन् पट्ट्या जागच्या हलल्या न्हाईत. मेंढरांनी बी मान वर केली न्हाई. पंचमीला तू म्हणलीस आबाचा घसा बसलाय, तो बसलेला न्हाई पोरी, घशात गाठ हाय. डॉक्टर म्हणला, काढली तरी आवाज आता येत नसतो. तुला सांगायचं न्हाई अशी आबाचीच आण होती. बटन बंद केलं तवा जवळ येऊन नुसत्या ओठानं इचारलं, "आलं का गं त्यात?" मी म्हणलं, "आलं." मग कॅमेरा हातात घेऊन सगळा व्हिडिओ बघितला त्यांनी. म्हणले, "मेंढरं चांगली आलीत." तवा फोनवर त्यांना परत हाळी द्या म्हणू नकोस. तू म्हणलीस की ते उठून देतेत. तुझी लग्नांत फोटो काढायची कामं सोडून येणं जमलं तर ये, न्हाईतर राहू दे. त्रिंबक टेम्पो घेऊन शुक्रवारी येतो म्हणलाय.

तुझीच आजी,
साखराबाई