डोक्यावरचं टोपलं

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेल्यालाही आता पंधरा वर्षं होऊन गेली, तेव्हा हे कागद काळे करण्यात काही अर्थ नाही एवढं मला कळतं. पण आज सकाळी शेजारच्या मळ्यातल्या दोघा भावांपैकी धाकट्याची बायको बांधावर आली आणि तिने मला एक प्रश्न विचारला. मी तिला जे उत्तर दिलं ते खोटं होतं. खरं उत्तर ज्याला सांगावं असं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि तुला समोर सांगायची माझी छाती तेव्हाही नव्हती.

अमरावतीच्या कापसाच्या बाजारात मी अडत्याच्या दुकानी लिहायला होतो, त्या दिवसांपासून सुरुवात करतो. अमेरिकेत एकाच देशाची माणसं दोन तट पडून लढत होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जन्मात ज्यांच्या पायाला जोडा ठाऊक नव्हता ते करकरणारे जोडे घालून बाजारात हिंडत होते. मुंबईहून वर्तमानपत्र आलं की दुकानात मी ते मोठ्याने वाचायचो, आणि गाडीवाल्यांपासून अडत्यापर्यंत सगळ्यांचा एकच सवाल असायचा, की इंग्रज सरकार फौज पाठवून ती लढाई थांबवतं की काय. अडत्या हात जोडून म्हणायचा, देवा, त्यांना सुबुद्धी देऊ नको. मला मात्र त्याचा संताप यायचा. मी वीस वर्षांचा होतो, चार बुकं शिकलो होतो, आणि अंगात बळ असून जो शेजारचं भांडण बघत बसतो तो पापी, असं माझं ठाम मत होतं.

हे मत मी घरी येऊन तुला ऐकवलं. तू चुलीपुढे बसून मेथीच्या जुड्या बांधत होतीस, दाताने सुतळी तोडत होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "भांडन सोडवाले जाऊन रायले, का कापूस आनाले?" मी म्हणालो, दोन्ही होईल, त्यात काय बिघडलं? तू म्हणालीस, "दोन्ही कामाले जो जाते ना बापा, थो पयलं काम इसरते."

मग मी आपलंच उदाहरण काढलं. निजामाला आपल्या फौजेचा खर्च झेपेना म्हणून त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सांभाळायला दिलं, त्याला तेव्हा दहा-एक वर्षं झाली होती. त्याआधी तुझ्या बापाचं उभं पीक लुटारूंनी कापून नेलं होतं, हे तूच सांगायचीस. मी विचारलं, आज तू एकटी बाई पहाटे टोपलं घेऊन राजापेठेच्या बाजारात जातेस, ती कोणाच्या बंदोबस्तामुळे? तुझे हात थांबले. खोटं बोलणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. "थे खरं हाय," म्हणालीस. "मी कुठं नाई म्हंतो? पन बंदोबस्त झाला, तं आता घरी काहून नाई जात?"

तुझा स्वतःचा कायदा साधा होता. भांडण सोडवायला जायचं, पण डोक्यावरचं टोपलं उतरवायचं नाही. भरलेलं टोपलं एकदा भुईवर टेकलं की परत डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात त्याच घरातल्या कोणाचा तरी असतो. ज्याने हात लावला त्याच्या बाजूची तू झालीस. म्हणून तू बांधावर उभी राहायचीस, चुंबळीवर वांग्यांचं टोपलं, एक हात कमरेवर, आणि शेजारच्या त्या दोघा भावांना अशा काही शिव्या घालायचीस की भांडण विसरून ते हसायला लागायचे. मग तू बाजाराची वाट धरायचीस. गावात तुझी चेष्टा व्हायची, पण भांडणं मिटायची हेही खरं.

एका सकाळी ते मिटलं नाही. थोरल्याला कापसाच्या भावाची धुंदी चढली होती. त्याने स्वतःचे वांग्याचे वाफे मोडले, आणि दोघांच्या सामाईक विहिरीचं पाणी धाकट्याच्या मळ्यात नेणारा पाटही नांगरून त्यावर सरकी टोबली. धाकट्याच्या मिरच्या वाळायला लागल्या. तो फावडं घेऊन पाट उकरायला गेला आणि थोरल्याने ते फावडं हिसकावलं. तू बांधावरच होतीस. शिव्या देऊन झाल्या, कोणी हसलं नाही. धाकट्याची बायको किंचाळली, "माय व, उतरवा नं थे टोपलं! धरा नं त्याले!" मी विहिरीपलीकडून धावत येत होतो, मला ते स्वच्छ ऐकू आलं. तू उतरवलं नाहीस. फावडं धाकट्याच्या उजव्या मनगटावर बसलं, आणि तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

त्या दिवशी तू बाजारात गेली नाहीस आणि जेवलीही नाहीस. मी तुला म्हणालो, तुझ्या टोपल्यापायी एका माणसाचा हात गेला. तू चुकलीस असं तुला वाटलं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तुझा राग आला होता, माय, आणि खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे.

त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. तो घाबरला होता, म्हणाला, "तू मधात पड, तू शिकेल हायेस." मी मधे पडलो. त्याच्या घरी भाकर खाल्ली, पाणी प्यालो. भांडण नेहमी पाळी बदलायच्या सकाळी व्हायचं. विहिरीवर चार दिवस थोरल्याची मोट चालायची, चार दिवस धाकट्याची, आणि एकाची सुटून दुसऱ्याची जुंपताना दोघांची गाठ पडायची. मी तोड काढली. थोरल्याचे तीन दिवस, मग एक दिवस मोकळा. धाकट्याचे तीन दिवस, मग एक मोकळा. गाठच पडायला नको. आणि मोकळ्या दिवशी पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून त्या दोन दिवशी त्यांच्या विहिरीवर मोट माझी. आपल्या मळ्यातली विहीर चैत्रातच तळाला जायची, हे काही मी तेव्हा मुद्दाम मनात आणलं नव्हतं. निदान तसं मी आजवर म्हणत आलो आहे. धाकटा तेव्हा हात बसवून घ्यायला बायकोच्या माहेरी, अकोल्याला गेला होता. त्याला विचारायचं राहून गेलं. चार महिन्यांनी परत आला तोवर रीत पडली होती.

आणि रीत चांगली चालली, हेही लिहिलं पाहिजे. त्यानंतर एकदाही कोणी कोणावर हात उगारला नाही. धाकट्याच्या मिरच्या जगल्या. थोरल्याने मुकाट्याने पाट पुन्हा खणून दिला. लोक माझं नाव घ्यायचे, आणि मला ते आवडायचं.

मग अमेरिकेतली लढाई संपली, आणि कापसाचा भाव असा बसला की थोरल्याने पुन्हा वांगी लावली. एका संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "लढाई सपली, भाव सपला, थोरल्याचा मस्तीपना सपला. तुयी पाळी काहून नाई सपत?" मी म्हणालो, दोघांचं अजून नीट सूत जमलेलं नाही. मी बाजूला झालो की परत डोकी फुटतील. तू तव्यावरची भाकर उलटलीस. "सायेबबी असंच म्हंते," म्हणालीस, आणि ती भाकर माझ्या ताटात वाढलीस. त्यानंतर तू हा विषय काढला नाहीस. पण माझ्या मोटेच्या दिवशी त्या पाण्याने भिजवलेल्या वाफ्यांतली भाजी तू कधी टोपल्यात घेतली नाहीस. मी ते बघत होतो. तीच भाजी मी दुसऱ्या बाईकडून बाजारात पाठवत होतो.

आज सकाळी ती बांधावर आली. केस पांढरे झाले आहेत तिचे. म्हणाली, "भाऊ, आता दोघं भाऊ एका ताटात जेवून रायले. नातवंडं एका अंगनात खेयतात. आमची पाळी आमाले परत द्या नं." तिने याआधीही विचारलं होतं, दोनदा की तीनदा. मी नेहमीसारखा चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, बाई, वरून तसं दिसतं. आतून अजून नाही. मी आहे म्हणून शांत आहे. ती आल्या वाटेने परत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

तुझी चुंबळ अजून खुंटीला आहे. हा कागद घडी करून तिच्यात ठेवीन, त्याला दुसरा पत्ता नाही. बळ असलेल्याने दुसऱ्याच्या घरात जावं की जाऊ नये, याचा निकाल मला अजून लागला नाही. त्या मनगटाकडे बघितलं की वाटतं जावं, आणि माझ्या हिरव्या वाफ्यांकडे बघितलं की लाज वाटते. एवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं. पण गेल्या पोळ्याला दोघा भावांनी बैल एकत्र सजवले, एकत्र मिरवले. मी ते माझ्या बांधावरून पाहिलं. त्याच संध्याकाळी मी थोरल्याकडे गेलो आणि धाकटा त्या जुन्या पाटाबद्दल काहीबाही बोलतो असं सांगितलं. धाकटा काहीच बोलला नव्हता. चार दिवस दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, माय, आणि ते चार दिवस मला झोप चांगली लागली.