कोपर कोणाचं?

ता. १० मार्च

चि. लंबूस,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता.

काल, रविवार ता. ९ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी सायकलसकट दंतवैद्यांच्या कुंपणात शिरले. तू चार दिवस राहून गेलास आणि माझं हँडल माझ्यापासून लांब पळालं. सीट मागे, हँडल पुढे. सरळ रस्त्यावर सगळा भार मनगटांवर आला, तरी चालवत राहिले. कोपऱ्यावर डावीकडे वळताना मात्र उजवा हात पुरेना. कोपर आधीच ताठ, आणखी ताणायला हात काही रबराचा नाही. सायकल सरळ गेली, मीही गेले.

लेक म्हणते, आईचा तोल जातो आता. सायकलीला कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये, आणि माझ्यासाठी तीनचाकी बघणं सुरू. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून लेखी विचारते. हात कोणी लावला?

लोभ तुझ्या उत्तरावर अवलंबून.
तुझी ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. तू कुंपणाला घातलास तितका जोरात नाही.

हात मीच लावला. तुला सीटवर अशी दुमडून बसलेली बघवेना. बाबांनी शिकवलं तसंच मोजलं. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं, बोटं हँडलला लागली पाहिजेत. बरोबर लागली. तुझं पत्र वाचल्यावर लक्षात आलं, कोपर माझं होतं.

मग दोन फेऱ्याही मारल्या. गुडघ्यापायी बायकोने माझी सायकल बंद केली आहे, तेव्हा हे तिच्या कानावर जायला नको. भाचीला कळवतो की नट सैल झाला होता. सगळेच सुटू.

लोभ असावा, निदान तीनचाकी येईपर्यंत.
तुझा लंबू

ता. १५ मार्च

चि. लंबूस,
आशीर्वाद उत्तरानंतर.

नट सैल नव्हता. तसं लिहिलंस तर लेक म्हणेल, आईला सैल नटही कळत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये माफी पूर्ण वाक्यांत लिहून घेत, खाली सही. तशीच लेकीच्या नावाने लिही. आईचा तोल शाबूत, डोळे शाबूत, कोपर मामाचं. मग पाना घेऊन ये आणि माझ्या हाताने माप घे. त्याआधी हवं तर दोन फेऱ्या मार, मी खिडकीत उभी राहणार नाही. फक्त जाताना हँडल मला परत करून जा.

गुरुवार ता. २० संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर इथे पोचलं नाही, तर सव्वापाचला मी तुझ्या बायकोला फोन करीन. मला थोडक्यात बोलता येत नाही, हे तू जाणतोसच.

तुझी ताई