दुबईचं घर आणि श्रद्धावहिनींचा डबा

बदलापूर,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप सगुणाआत्यास,

जिज्ञासाचा वाकून नमस्कार. (अर्धीच वाकले आहे. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? वांगणीला पाणी वेळेवर येतंय ना? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. वजनं मात्र आम्हा तिघांचीही वाढली आहेत आणि हे पत्र त्यातूनच निघालं आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर बोलावं तर बाबा शेजारच्या खोलीतून उत्तरं देतात, आणि व्हॉट्सअॅपवर लिहावं तर आपल्या घरच्या ग्रुपवर आता एजंट आहे. समीरभाऊ. दुबईच्या फ्लॅटचा नकाशा टाकण्यापुरतं बाबांनी त्यांना ग्रुपवर घेतलं. नकाशा आला, माणूस राहिला. रोज सकाळी सुविचार पाठवतात. आजोबांच्या वर्षश्राद्धाला पहिला नमस्कार त्यांचा होता, माझा चौथा. (मला त्या दिवशी सर्दी होती, पण ते कारण नव्हे.)

फ्लॅटचं तुला माहीतच आहे. शेताचा शेवटचा तुकडा गेला तेव्हा तू हक्क सोडून सही केलीस आणि बाबांना म्हणालीस, जनू, यातून पोरांचं छप्पर होऊ दे. दिपेशदादा सात वर्षं तिकडे भाडं भरतोय, म्हणून तिथल्या एका नव्या बिल्डिंगमध्ये त्याच्यासाठी एक खोली-किचन ठरलं. समीरभाऊंचं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, पापडाच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर, आणि मागच्या खोल्यांत त्यांचं घर. ते आपल्याकडून दोन टक्के दलाली मागतात आणि वर फाइल चार्ज. पहिल्याच दिवशी जिना उतरताना पापडवाल्या सिंधी काकींनी मला थांबवलं, हातात एक भाजलेला पापड दिला आणि म्हणाल्या, "बेटी, नई बिल्डिंग है ना? तो दलाली बनानेवाला देता है. मेरे भाई ने वहीं लिया, एक पैसा नहीं दिया." दादाने तिकडे जाऊन विचारलं. तिथेही तेच सांगितलं. म्हणजे बांधणाऱ्याकडून घेऊन झालं, आता आपल्याकडून. तुझ्या सहीतून आलेला पैसा असा जाणार, हे कळल्यापासून मला जेवण जात नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू, जेवण जातं. अडचण नेमकी तीच आहे.

समीरभाऊ वाईट माणूस असते तर काम सोपं होतं. पण पहिल्या भेटीनंतर त्यांच्या बायकोने, श्रद्धावहिनींनी, ओल्या खोबऱ्याच्या करंज्यांचा एक छोटा डबा पाठवला. आपल्या घरात दारात आलेला डबा रिकामा परत जात नाही, हे तुला काय सांगायचं! आईने त्यात तांदळाची बोरं भरली. तिकडून पुरणपोळ्या आल्या. आईने सोड्याची खिचडी दिली, त्यांनी घावन आणि रस. दर फेरीला डब्याचा आकार वाढत गेला, आणि दर फेरीला तो कॅम्प पाचच्या तिसऱ्या मजल्यावर नेणारी मी. (कंबर ती अशी.) मी रजेचा अर्ज करताना कारण काय लिहावं ते न सुचून 'कौटुंबिक' लिहिलं. आता वाटतं, तेच खरं होतं.

दलाली देणार नाही, हे मी तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा मुद्दे कागदावर लिहून नेले. वहिनी म्हणाल्या, आधी जेवून घे, मग बोल. जेवले. मग बोलता येईना. ज्या ताटातलं खाल्लं त्याच्या धन्याला तोंड वर करून काय सांगायचं? दुसऱ्यांदा मी सोमवार गाठला आणि उपास आहे म्हणाले. (नव्हता.) त्यांनी साबुदाण्याचे वडे तळले. त्या खोटेपणाचं प्रायश्चित्त म्हणून मी पुढचे तीन सोमवार खरोखर उपाशी राहिले. दलालीत त्याने काही कमी झालं नाही.

तिसऱ्यांदा मी हुशारी केली. दुबईच्या बिल्डरला परस्पर ईमेल लिहिला, की आम्हाला एजंटशिवाय थेट खरेदी करता येईल का? दोन दिवसांनी अतिशय नम्र उत्तर आलं: जरूर, आमच्याकडे नवीन घराला ग्राहकाने दलाली द्यायची नसते, आपली चौकशी आपल्या भागातले आमचे प्रतिनिधी श्री. समीर यांच्याकडे पाठवली आहे. समीरभाऊंनी ती ग्रुपवर टाकली. खाली फक्त हात जोडलेले.

संध्याकाळी ते स्वतः घरी आले, गुलाबजाम घेऊन. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जिज्ञासा, मला विचारायचं ना गं. मी काय परका आहे?" हाच प्रश्न मला त्यांना विचारायचा होता, पण तोंडात गुलाबजाम होता. ते गेल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" मी म्हटलं, बाबा, ते आपले वासे मोजतायत त्याचं काय? तर म्हणाले, दोन टक्क्यांसाठी माणूस तोडू का? आणि ठरवून टाकलं: रविवारी अकरा वाजता समीरभाऊ येतील, तेव्हा त्यांच्या डब्यात खोबऱ्याच्या वड्या आणि वड्यांवर चेक.

"चेकला तूप लागेल," आई म्हणाली.

"पिशवीत घालू," बाबा म्हणाले.

माझं म्हणणं एवढंच होतं. मन मोकळं झालं. आता काही करायला नको, गुडघ्याला जप.

तुझी,
जिज्ञासा

ता. क. – करायला हवंच आहे. रविवारी दहाच्या आत ये. आपल्या अख्ख्या घराण्यात परक्याचा डबा रिकामा परत केलेली माणूस तू एकटी. दिपेशदादाच्या बारशाला तुझ्या थोरल्या जावेला काय म्हणाली होतीस? "हा घे तुजा डबा. रिकामा हाय, धुतलेला हाय, आजून काय पायजे?" नऊ वर्षं ती घरी आली नाही. बाबा ही गोष्ट आम्हाला वाईट उदाहरण म्हणून सांगतात, पण सांगताना ताठ बसतात.

दुसरा ता. क. – पत्र आणणाऱ्या बनूबाईकडे डबाही आहे, तो मासळीच्या टोपलीपासून लांब ठेवायला सांगितलंय. आईने तुझ्यासाठी चाळीस लाडू मोजून दिले. एकोणचाळीस भरतील, एक मी काळजीने खाल्ला. शनिवारपर्यंत संपव, गावात वाट, काहीही कर.

तिसरा ता. क. – लाडू संपले की डबा उलटा करून बघ. बुडाशी 'सौ. श्रद्धा समीर' कोरलेलं आहे. मी चोरलेला नाही. आई म्हणाली, आत्याला लाडू पाठव. कशातून, ते बोलली नाही. डबा घरात नसला तर बाबा नुसता चेक हातात देणार नाहीत, ते त्यांना दलाली दिल्यासारखं वाटेल. तेव्हा तूच घेऊन ये, रिकामा. आणि घासून आण, आत्या. भांडण झालं तर चालेल, आपल्याला कोणी घाणेरडं म्हणायला नको.