लई काळं केलं की

प्रिय शिवकन्याअक्का,

"लई काळं केलं की चमकाया लागतंय, गीते!" सहकारी साखर कारखान्याजवळच्या आपल्या ऊसतोड्यांच्या तळावर, त्या पाचटाच्या कोप्यांमधल्या शाळेत तू मला म्हणाली होतीस. आठवतं? जुने सेल फोडून आतली काळी पूड घेवड्याच्या पाल्याच्या रसात कालवायची आणि फळ्याला घासायची, हे आपलं काम. मी हौसेनं घासतच राहिले आणि फळा असा चकाकला की मागच्या पोरांना अक्षरंच दिसेनात. "आता बघ तोंड त्यात," म्हणून तू हसलीस, आणि गुरुजींचा मारही माझ्याऐवजी तूच खाल्लास.

परवा प्रयोगशाळेत अगदी तसंच झालं. इथं पुण्यात मी वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरमध्ये कार्बनची पूड मिसळून पातळ काळ्या चकत्या करते. मोबाइलच्या, रडारच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या चकतीनं आत घ्याव्यात, परत फेकू नयेत, एवढंच हवं असतं. मला वाटलं, पूड वाढवली की जास्त शोषेल. तर चकती धातूसारखी वागायला लागली, लहर दारातूनच माघारी! मला तुझा फळा आठवला आणि एकटीच हसत बसले. पूड थोडी थोडी कमी करत गेले, तेव्हा कुठं लहर आत शिरली.

मग एकच चाळा लागला: आत गेलेल्या लहरीचं होतं काय? ती नाहीशी होत नाही, अक्का. तिची उष्णता होते. जोराची लहर सोडली की चकती हाताला कोमट लागते. नुसतं बघून मात्र काही कळत नाही.

तू फोनवर "बरं हाय" म्हणतेस. यंदा पावसानं दगा दिला, सिरसाळ्याकडं ऊसच उरला नाही, टोळी कर्नाटकात जाणार, एवढं सांगितलंस. बाकीचं भिवरामावशीकडून कळलं. पोटात सारखं दुखतंय आणि टोळी निघायच्या आधी तू गर्भाची पिशवी काढून टाकणार आहेस, ऊसतोडीत खाडा नको म्हणून.

फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस, म्हणून हे पत्र. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस माझ्याकडं ये. इथल्या डॉक्टरबाईंना दाखवू. काढावीच लागली तर मी उशाशी बसेन. तू म्हणशील, "येडी हायस का? तुज्या दाजीसंगं कोयता कोण धरंल?" ठाऊक आहे मला. तरी ये.

तुझीच, अजून हात काळे असलेली,
गीता